बॉक्सला हात लावण्याआधी

प्रश्न : वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी मी अजून चालवतो. स्टिअरिंगला तीन बोटं प्ले (चाकं न वळता होणारी मोकळी हालचाल) आहे, पन्नासच्या पुढे चाक थरथरतं आणि पुढचे टायर आतून खाल्ले जातात. एक मेकॅनिक म्हणतो, स्टिअरिंग बॉक्स टाइट करू. दुसरा म्हणतो, पुढचं सगळंच बदला. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कराड

उत्तर : तूर्त दोघांचंही नको. बॉक्समधला वर्म (स्टिअरिंगच्या दांड्याचा आटे असलेला गिअर) मध्यावर जास्त झिजतो. तिथला प्ले जाईपर्यंत स्क्रू पिळला, तर पूर्ण वळवताना स्टिअरिंग आवळतं. शिवाय टायरॉड एंड (स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या टोकाचे जॉइंट) गेलेले असतील तर ते तसेच राहतात. त्यामुळे बॉक्स सगळ्यात शेवटी.

गाडी जमिनीवर ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवायला सांगा. तुम्ही एकेका टायरॉड एंडवर हात ठेवा; जो ढिला झालाय तो बोटांना कळतो. मग गाडी जॅकवर उचला, खाली घोडी (स्टँड) लावा (नुसत्या जॅकवर कधीच नाही) आणि चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खडखड थांबली तर व्हील बेअरिंग, नाही थांबली तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं ती. पद्मिनीत बहुतेकदा किंगपिनच निघते, कारण तिला ग्रीस घालायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

किंगपिन बदलताना नवे बुश (खिळीभोवतीच्या धातूच्या नळ्या) नुसते ठोकून बसवू देऊ नका. वरचा-खालचा बुश एका रेषेत रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) आतून घासून घ्यावा लागतो आणि बुशचं ग्रीसचं भोक ग्रीस निपलसमोरच (ग्रीस भरायच्या तोंडासमोर) यायला हवं. रीमर नसलेल्या गॅरेजात हे काम देऊच नये. पुढे ग्रीसिंग चाक उचलूनच करा, म्हणजे एरवी दाबलेल्या बाजूलाही ग्रीस पोचतं. जुनं काळं ग्रीस बाहेर येईस्तोवर पंप मारा. पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली की पुन्हा.

टायरॉड एंड जोडीने बदला. काढताना किती आटे सुटले ते मोजून ठेवा. स्टडच्या (जॉइंटच्या आटे असलेल्या खिळीच्या) टोकावर घण घालू नका. ती खिळी ज्यात बसते त्या आर्मच्या डोळ्याला दोन्ही बाजूंनी एकदम हातोडी मारली की टेपर (खिळीचा निमुळता, घट्ट बसलेला भाग) सुटतो. नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन नवीच. ‘जुन्यालाच लायनर टाकून देतो’ म्हणणाऱ्याला हात जोडा.

मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर हा माल सहज मिळायचा. ऑक्टोबर २०२३मध्ये त्या संपल्या. आता मिळतो त्यातला बराचसा माळ्यावर पडून राहिलेला. जॉइंटवरचं रबरी बूट (झाकण) वाकवून बघा, चिरा दिसल्या तर परत करा.

टायर आतून खाल्ले जातात म्हणजे टो-आउट (चाकं पुढच्या बाजूला बाहेर फाकलेली) असण्याची शक्यता मोठी, आणि ढिल्या जॉइंटवर अलाइनमेंट टिकत नाही. आधी जॉइंट, मग अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. नवे टायर त्यानंतरच घ्या.