गर्दुल्ला, गर्द आणि भाईलोकांची भाषा

प्रश्न असा आहे: ‘गर्दुल्ला’ (गर्द ओढणारा व्यसनी) या शब्दाचा ‘गर्द झाडी’शी संबंध आहे का, आणि तो सिनेमातून आला का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच. इथला गर्द फारसी, अर्थ धूळ. हिंदी-उर्दूतल्या ‘गर्द-गुबार’मध्ये तोच आहे, आणि आपल्या जुन्या पत्रांत ‘गर्दीस मिळवणे’ म्हणजे धुळीस मिळवणे. १९८०च्या दशकात अफगाणिस्तान-पाकिस्तानकडचं अशुद्ध हेरॉइन मुंबईत आलं, तेव्हा त्या भुरकट भुकटीला हे नाव चपखल बसलं. पुडीतली चिमूटभर भुकटी चांदीच्या कागदावर टाकायची, खालून काडी धरायची आणि निघणारा धूर नळीने ओढायचा. इंग्रजी पेपरांत ‘ब्राऊन शुगर’, गल्लीत ‘गर्द’. अनिल अवचटांच्या पुस्तकाचं नावही ‘गर्द’च, आणि पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं १९८६ साली, याच लाटेत.

‘-उल्ला’ मात्र चेष्टेतला. अब्दुल्ला, हबीबुल्लाच्या चालीवर कुणा टवाळाने जोडला असावा, असं मला वाटतं. ‘छकुला’तल्या लाडाच्या ‘-उला’शी त्याचं नातं जुळवणारे भेटतात, पण या शब्दात लाड औषधालाही नाही.

आता सिनेमा. माल विकणाऱ्या टोळ्यांचे शब्द पडद्याने घरोघरी नेले: भाई, पेटी (लाख), खोका (कोटी), ‘गेम करणे’. ‘सत्या’ (१९९८) आल्यावर तर कॉलेजच्या कट्ट्यावर सगळेच भिकू म्हात्रे. २०२२मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ घुमलं, तेव्हा खोका म्हणजे किती हे कुणालाच विचारावं लागलं नाही. ‘सुपारी’ तर त्यांनी आपल्याकडूनच उचलली. तमाशाचा फड ठरवताना आजही सुपारीच देतात. नावंसुद्धा बाजारातली. अमली पदार्थांच्या धंद्यासाठी अमेरिकेने २००४मध्ये काळ्या यादीत टाकलेला दाऊदचा साथीदार इक्बाल मेमन ‘मिरची’ झाला तो घरच्या मिरची-मसाल्याच्या व्यापारामुळे.

गर्दुल्ल्याला असला पडदा लाभला नाही. तो पसरला वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवरून: ‘गर्दुल्ल्यांचा उपद्रव’, ‘स्कायवॉकवर गर्दुल्ल्यांचा अड्डा’. विकणाऱ्याला ‘भाई’ म्हणताना आवाजात दरारा येतो, ओढणाऱ्याला गर्दुल्ला म्हणताना नाक मुरडलं जातं. म्हणून बातमी किंवा अहवाल लिहीत असाल तर ‘व्यसनी’ किंवा ‘व्यसनग्रस्त’ लिहा. कथेतल्या हवालदाराच्या तोंडी ‘गर्दुल्ला’ खुशाल घाला.