प्रश्न विचारला, मांडला, उपस्थित केला की उठवला?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका शाळेतल्या बाईंनी शंका विचारली आहे. त्यांनी नववीच्या मुलांना नागरिकशास्त्राचा उपक्रम दिला होता: कोणत्याही एका खासदाराने देशांतर्गत आर्थिक आणि सामाजिक धोरणांवर लोकसभेत विचारलेले प्रश्न आणि केलेली भाषणे वाचायची आणि त्यावर एक पान लिहायचे. वह्या तपासताना त्यांना कुठे 'बेरोजगारीचा प्रश्न विचारला' दिसले, कुठे 'मांडला', कुठे 'उपस्थित केला' आणि बहुतेकांच्या वहीत 'उठवला'. यातले बरोबर कोणते, की चारही चालतात? जोडीला एक छोटी शंका आहे: सभागृह चालवणाऱ्याला सभापती म्हणायचे की अध्यक्ष?

बाई, चारही क्रियापदे मराठीत रुळलेली आहेत, पण एकाच्या जागी दुसरे बसत नाही. घोळ सुरू होतो तो मात्र क्रियापदाच्या आधीच, 'प्रश्न' या नामापाशी. मराठीत प्रश्न म्हणजे विचारणा, आणि प्रश्न म्हणजे अडचणही. 'मास्तरांनी प्रश्न विचारला' यातला प्रश्न वेगळा आणि 'खाणींचा प्रश्न चिघळला' यातला वेगळा. पहिल्याला उत्तर मिळते, दुसरा सुटतो. पहिला आपण विचारतो, करतो, कधी टाकतो. दुसरा भेडसावतो, ऐरणीवर येतो, धसास लागतो, मार्गी लागतो, मिटतो किंवा वर्षानुवर्षे तसाच लोंबकळत राहतो.

दोन्ही अर्थ ओळखायची खूण विभक्तीत आणि शब्दयोगी अव्ययांत आहे. मागे 'चा-ची-चे' लागले की बहुधा अडचण: मच्छीमारांचा प्रश्न, म्हादईचा प्रश्न, कुळ-मुंडकारांचा प्रश्न. मागे 'विषयी', 'बाबत', 'वर' आले की विचारणा: मच्छीमारांच्या डिझेल अनुदानाबाबत प्रश्न. म्हणून 'बेरोजगारीचा प्रश्न विचारला' हे वाक्य कानाला खटकते. नाम अडचणीकडे ओढते आणि क्रियापद विचारणेकडे. 'बेरोजगारीचा प्रश्न मांडला' किंवा 'बेरोजगारीबाबत प्रश्न विचारला', दोन्ही सरळ आहेत. अपवाद एकच लक्षात ठेवावा. विचारणाऱ्या माणसाला षष्ठी लागली तर अर्थ फिरतो: 'खासदाराचा प्रश्न' म्हणजे खासदाराने विचारलेला. एक वाक्य मुलांना फळ्यावर लिहून द्या: डिचोलीच्या नळाला पाणी येत नाही हा मोठा प्रश्न आहे, पण लोकसभेत विचारता येईल असा तो प्रश्न नाही. लोकसभेतल्या प्रश्नाचा विषय मुळात केंद्र सरकारच्या जबाबदारीतला असावा लागतो. नळाचे पाणी राज्याच्या अखत्यारीतले, त्याचे उत्तर पर्वरीला, म्हणजे गोवा विधानसभेत, मागायचे.

आता क्रियापदे. 'विचारणे' यावर मी जरा थांबतो, कारण मुलांच्या उपक्रमाचा गाभा तोच आहे. संसदेत प्रश्न विचारणे ही नियमांनी बांधलेली कृती आहे. किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रश्न साधारण १५० शब्दांत बसला पाहिजे. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध किंवा आरोप चालत नाही, मंत्र्याचे मत विचारता येत नाही आणि 'समजा असे झाले तर' अशी काल्पनिक स्थितीही घालता येत नाही. तोंडी उत्तर हवे असेल तर प्रश्नावर तारांकन होते, म्हणून तो तारांकित. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत असे फक्त २० घेतले जातात आणि त्यांवर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर लेखी येते आणि सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते. त्यावर पुरवणी प्रश्न नाही.

या बंधनांतूनच प्रश्नाची भाषा घडते. महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत मराठी प्रश्न असा उलगडतो: अमुक घडले, 'हे खरे आहे काय', मग 'असल्यास', कोणती कार्यवाही केली, आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' या तीन पायऱ्या मला फार मोलाच्या वाटतात. पहिलीत सरकारला होय किंवा नाही म्हणावेच लागते, दुसरीत तपशील द्यावा लागतो, तिसरीत पळवाट बुजते. गोवा विधानसभेत लेखी प्रश्न इंग्रजीत छापले जातात आणि सभागृहात बोलणे कोकणी-मराठीत होते, त्यामुळे हा मराठी साचा आपल्या मुलांच्या नजरेला पडत नाही. तो त्यांना जरूर दाखवा.

उदाहरणासाठी गोव्याचाच विषय घेऊ. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाण लिजांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून उत्खनन थांबले. यावर विचारलेला प्रश्न असा दिसेल: (१) खाणी बंद पडल्यामुळे रोजगार गेलेल्यांची नोंद केंद्र सरकारने ठेवली आहे काय, (२) असल्यास, ट्रकमालक, बार्जमालक आणि कामगार यांची तालुकावार संख्या किती, (३) नसल्यास, त्याची कारणे काय? हा माझा नमुना आहे, कुणा खासदाराच्या नावावर घालू नका. त्यात 'खाण अवलंबितांची उपासमार होत आहे' हे वाक्य कुठेही नाही, हे मुलांच्या ध्यानात आणून द्या. ते वाक्य भाषणातले आहे, आणि त्याच्यासाठी 'मांडणे' आहे.

'मांडणे' म्हणजे समोर ठेवून, लावून दाखवणे. आपण ताट मांडतो, चूल मांडतो, हिशेब मांडतो. संसदेत विधेयक, ठराव, अर्थसंकल्प मांडतात. कपातीची सूचनाही, म्हणजे एखाद्या खात्यासाठी मागितलेली रक्कम कमी करा अशी सूचनाही, मांडतातच. मागणीची रक्कम एक रुपयापर्यंत खाली आणा असे म्हटले की धोरणच नापसंत असल्याची नोंद होते. भाषणातून अडचण मांडणारा सदस्य आपल्या बाजूने आकडे आणि कारणे लावतो, जबाबदारी त्याच्या डोक्यावर असते.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण गोव्याला जवळच्या माणसाचे आहे. १८ जून १९४६ ला मडगावात ज्यांनी नागरी स्वातंत्र्याची हाक दिली ते डॉ. राममनोहर लोहिया १९६३ च्या पोटनिवडणुकीत फर्रुखाबादहून लोकसभेत गेले. त्याच ऑगस्टमध्ये नेहरू सरकारवर पहिला अविश्वासाचा ठराव आला आणि त्या चर्चेत लोहियांनी सांगितले की या देशातले सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकारचे म्हणणे पंधरा आण्यांचे होते. 'तीन आणे विरुद्ध पंधरा आणे' म्हणून तो वाद आजही ओळखला जातो. इथे 'लोहियांनी गरिबीबाबत प्रश्न विचारला' असे लिहिले तर घडलेली गोष्टच पुसली जाते. त्यांनी मंत्र्याकडे आकडा मागितला नव्हता, स्वतःचा आकडा सभागृहापुढे ठेवून सरकारला तो खोडून काढायला लावले. त्यांनी गरिबीचा प्रश्न मांडला. मडगावच्या लोहिया मैदानावरून रोज जाणाऱ्या मुलांना हे सांगितले तर शब्द त्यांच्या कायमचा लक्षात राहील.

'उपस्थित करणे' याला प्रसंग लागतो. कामकाज चालू असताना नियम मोडल्याचे दिसले की सदस्य हरकतीचा मुद्दा उपस्थित करतो, हक्कभंगाचा प्रश्न उपस्थित करतो. यात समाजवादी नेते मधू लिमयांचा हातखंडा होता. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांनी त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली होती. पुढे मुंगेरहून लोकसभेत गेल्यावर नियमांचे पुस्तक हाती घेऊन सरकारला अडवणारा सदस्य असा त्यांचा लौकिक झाला. शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या तासानंतरच्या वेळेत, अचानक काढलेल्या विषयालाही 'उपस्थित केला' शोभते. त्या वेळी मंत्र्यावर लगेच उत्तर देण्याचे बंधन नसते आणि लोकसभेच्या नियमपुस्तकात 'शून्य प्रहर' हा शब्दही नाही.

राहिला 'उठवला'. आवाज उठवणे चांगले मराठी आहे, ते बिनधास्त लिहावे. 'प्रश्न उठवला' हे बातम्यांच्या हिंदीतून आले असावे असे मला वाटते, आणि मी ते टाळतो. मराठीत जिथे निर्बंध असतो तिथे 'उठवणे' म्हणजे काढून टाकणे: संचारबंदी उठवली, स्थगिती उठवली. गोव्याच्या वृत्तपत्राच्या एकाच पानावर 'खाणबंदी उठवा' आणि 'खासदारांनी खाणींचा प्रश्न उठवला' छापले गेले, तर एकच क्रियापद दोन उलट दिशांना जाते. शिवाय 'उठवला' म्हटल्यावर सदस्याने लेखी उत्तर मागितले, पंधरा मिनिटे भाषण केले की बाकावरून एक वाक्य ओरडला, काहीच कळत नाही. खासदाराच्या कामाचा हिशेब मागणाऱ्या उपक्रमात हे कळलेच पाहिजे.

तुम्ही पाठवलेले एका मुलाचे वाक्य असे आहे: 'खासदारांनी संसदेत महागाई, मच्छीमार आणि खाणींचा प्रश्न उठवला.' लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्यनिहाय प्रश्न, उत्तरे आणि वादविवाद मिळतात. ते पाहून त्याला वाक्य फोडायला सांगा, म्हणजे ते काहीसे असे होईल: 'खासदारांनी मच्छीमारांच्या अनुदानाबाबत अतारांकित प्रश्न विचारला, अर्थसंकल्पावरील भाषणात महागाईचा प्रश्न मांडला आणि शून्य प्रहरात खाण अवलंबितांचा विषय उपस्थित केला.' वाक्य लांबले, पण तीन कामे वेगळी दिसली. यातले एखादे झालेच नव्हते असे आढळले, तर तेही लिहू द्या.

दुसऱ्या शंकेचे उत्तर थोडक्यात. राज्यघटनेच्या मराठी पाठात लोकसभेचा आणि विधानसभेचा अध्यक्ष, राज्यसभेचा आणि विधान परिषदेचा सभापती. महाराष्ट्रात दोन सभागृहे असल्यामुळे तिथे हा भेद पाळावाच लागतो. गोव्यात विधान परिषद नाही, आणि विधानसभेच्या पीठासीन अधिकाऱ्याला इथे सर्रास सभापती म्हणतात. वृत्तपत्रांत तेच, लोकांच्या तोंडी तेच. गोव्याविषयी लिहिताना 'सभापती' ठेवा, लोकसभेविषयी लिहिताना 'अध्यक्ष' लिहा, आणि एकाच टिपणात दोन्ही आले तर प्रत्येक वेळी सभागृहाचे नाव आधी घालायला मुलांना सांगा.