ब्रिटिश नट ॲलन रिकमन सिनेमात इतका उशिरा का आला?

कारण तो मुळात नाटकवाला होता, आणि नाटकातही उशिराच आला. लंडनमध्ये वाढला, ग्राफिक डिझाईन शिकला, मित्रांसोबत स्वतःचा स्टुडिओ काढला, सगळं बरं चाललेलं असताना २६ व्या वर्षी राडा या ॲक्टिंग स्कूलला पत्र टाकून ऑडिशन मागितली आणि सिलेक्ट झाला. शिकताना खर्चासाठी मोठ्या नटांचा ड्रेसर म्हणूनही काम केलं, म्हणजे कपडे सांभाळायचे, एंट्रीला तयार ठेवायचे.

मग बरीच वर्षं गावोगावच्या थिएटरांत आणि रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेली. १९८५ ला अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच कादंबरीवरच्या नाटकात वाल्माँचा रोल मिळाला, ते नाटक १९८७ ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांत गेलं, टोनी या नाटकाच्या अवॉर्डचं नॉमिनेशन मिळालं आणि तिथेच हॉलिवूडवाल्यांची नजर पडली. त्यातून 'डाय हार्ड' (१९८८), पहिला सिनेमा, वय ४२!! मला तर वाटतं त्या व्हिलनचं ते शांत, थांबून थांबून बोलणं रंगभूमीवरच्या एवढ्या वर्षांशिवाय जमलंच नसतं.

पुढे बाफ्टा हे ब्रिटिश सिनेमाचं अवॉर्ड, मग टीव्हीवरच्या सिनेमातल्या रासपुतिनच्या रोलसाठी एमी हे टीव्हीचं अवॉर्ड आणि गोल्डन ग्लोब. ऑस्करचं मात्र साधं नॉमिनेशनही नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. हॅरी पॉटरचा स्नेप तर सगळ्यांना माहीतच आहे, आठही भागात आहे, पण त्याच काळात तो नाटकंही करत होता, ते सोडलं नाही त्याने. २०१६ च्या जानेवारीत कॅन्सरने गेला, ६९ व्या वर्षी.