वंशावळ नव्या साइटवर नेल्यावर आजी दोनदा का दिसते?

तुमच्या सोलापूरच्या घराण्याची सामायिक वंशावळ नव्या साइटवर गेली, आजी दोनदा दिसू लागली आणि काही तारखा गेल्या. माझ्या मते माहिती मुळात वेगळ्या पद्धतीने लिहिलेली होती, स्थलांतरात ते उघडं पडलं एवढंच.

आजीचंच बघा. एका चुलतभावाने माहेरचं नाव घातलं, दुसऱ्याने सासरचं. आपल्याकडे लग्नानंतर नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही बदलू शकतात. संगणकाला त्या सरळ दोन बायका वाटतात. याच्या उलटही होतं, आणि ते जास्त वाईट: नातवाला पणजोबांचं नाव ठेवलेलं असतं आणि दोघं एकत्र जोडले जातात. दोन नोंदी एक करता येतात, मिसळलेली माणसं सोडवताना मात्र घाम फुटतो.

तारखांचं कारण वेगळं. अशी माहिती बहुधा जेडकॉम (GEDCOM) फाइलमधून जाते; वंशावळ एकीकडून दुसरीकडे नेण्याचा हा ठरलेला साचा १९८४ पासूनचा आहे. तिच्या ठरलेल्या कॅलेंडरांत आपली शक कालगणना नाही, म्हणून शकातल्या तारखा गळू शकतात. शके १८४२ सारख्या वर्षाचा इसवी सन काढताना चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन ७९. मूळ शक आणि तिथी टिपेत राहू द्या.

गावंही तपासा. अक्कलकोट १९४८ पर्यंत संस्थान होतं; जुन्या नोंदीत ‘सोलापूर जिल्हा’ आपोआप चिकटला असेल तर तो काढा.

जुनी फाइल मात्र पुसू नका. आधी दोन्हीकडची माणसं मोजा, मग दत्तक गेलेल्यांची नाती एकेक करून बघा, तिथे हमखास गडबड असते.