थकीत भाड्याच्या नोटिशीसाठी एआयला प्रॉम्प्ट कसा द्यावा?

धरमपेठेतील घराचे भाडे थकले असून नोटीस एआयकडून लिहून घेता येईल का, असे आपण विचारले आहे. मसुद्यापुरते अवश्य घ्यावे. मात्र प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला दिलेल्या सूचनेत, ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ आणि ‘नागपूर’ हे दोन्ही स्पष्ट लिहावे.

करार भाडेकराराचा आहे की लिव्ह अँड लायसन्सचा (मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीचा), हे सर्वांत आधी सांगावे, कारण पुढचे सारे त्यावरच ठरते. भाडेकरू असल्यास कलम १५ प्रमाणे मागणीची लेखी नोटीस दिल्यापासून ९० दिवस उलटेपर्यंत थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा दाखल करता येत नाही. याउलट निवासी लायसन्सची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. एआयच्या मसुद्यात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील, भाडेपट्टा संपवण्याच्या नोटिशीची १५ दिवसांची मुदत तर शिरलेली नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण तेवढ्या एका चुकीने दावा अडकू शकतो.

भाडेकरू २००० पूर्वीपासूनचा असेल, तर तेही नमूद करावे. त्या काळी, म्हणजे १९९९ चा अधिनियम लागू होण्याआधी, नागपूरला १९४९ चा सी. पी. अँड बेरार (मध्य प्रांत व वऱ्हाड) भाडे नियंत्रण आदेश लागू होता, त्यामुळे मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यावरील निवाडे येथे जसेच्या तसे चालत नाहीत.

कोणाचेही नाव, पत्ता, आधार क्रमांक देऊ नये. ‘घरमालक’, ‘भाडेकरू’ एवढे पुरेसे आहे. एआयने दिलेला प्रत्येक निवाडा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर शोधावा आणि सापडला नाही तर तो मसुद्यातून काढून मगच कागद वकिलांकडे न्यावा.