ऑलिंपिकचं सुवर्ण नाही, तरी सर्वश्रेष्ठ? माझं उत्तर : जेरेमी वॉदरस्पून

तुमचा प्रश्न असा आहे : ऑलिंपिकमध्ये एकदाही सुवर्णपदक न मिळालेल्या खेळाडूला त्याच्या खेळातला सर्वश्रेष्ठ म्हणता येईल का, की ती हरलेल्याची समजूत काढायची रीत झाली?

म्हणता येईल. माझ्याकडे त्यासाठी एकच नाव आहे : कॅनडाचा स्पीड स्केटर जेरेमी वॉदरस्पून. आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की चार चाकं आणि गुडघ्याला पॅड बांधलेली पोरं आठवतात, त्यामुळे हे नाव ऐकलेलं नसलं तर नवल नाही. बर्फावरच्या ५०० आणि १००० मीटरच्या शर्यतींत त्याने वर्ल्ड कपच्या, म्हणजे दर मोसमात ठिकठिकाणी होणाऱ्या मालिकेच्या, ६७ शर्यती जिंकल्या. १९९९, २०००, २००२ आणि २००३ असा चार वेळा तो जागतिक स्प्रिंट (कमी अंतराच्या शर्यतींचा) विजेता झाला. आणि ऑलिंपिकमध्ये? चार ऑलिंपिक, एक रौप्य. बस्स.

आधी खेळ थोडा समजून घेऊ, नाहीतर हे आकडे नुसतेच हवेत राहतील. ओव्हल, म्हणजे बर्फाचा लंबगोल ट्रॅक, ४०० मीटरचा, शर्यतीत एका वेळी दोघेच, एक आतल्या लेनमध्ये आणि दुसरा बाहेरच्या. समोरच्या सरळ पट्ट्यावर दोघं लेन बदलतात, म्हणजे दोघांनाही एकेक वळण आतलं आणि एकेक बाहेरचं मिळतं. पण ५०० मीटरमध्ये हे वाटप दिसतं तितकं सारखं नाही. शेवटचं वळण आतलं आलं तर वेग पूर्ण चढलेला असतो आणि वळण आवळलेलं असतं. तिथे ब्लेड जरा जरी सुटलं तर थेट कडेच्या गादीवर. म्हणूनच १९९८ ते २०१४ या काळात ऑलिंपिकमध्ये ५०० मीटर दोनदा धावायला लावत, एकदा आतून सुरुवात आणि एकदा बाहेरून, आणि दोन्ही वेळांची बेरीज धरत. ऐकायला न्याय्य वाटतं. पण त्याचा अर्थ असाही होतो की पहिल्याच फेरीत पडलात तर तुमची स्पर्धा संपली, दुसऱ्या फेरीत कितीही पळा.

वॉदरस्पूनच्या बाबतीत २००२मध्ये नेमकं हेच झालं. पण आधी त्याचं पहिलं ऑलिंपिक.

१९९८च्या जपानमधल्या नागानोत तो २१ वर्षांचा होता. तेव्हा क्लॅप स्केट नुकतेच आले होते. यात ब्लेड टाचेकडून सुटतं, फक्त पुढे बिजागरीवर अडकलेलं राहतं, त्यामुळे पाय उचलतानाही ब्लेड बर्फावर क्षणभर जास्त टिकतं आणि धक्का लांब मिळतो. जुने लोक कुरकुरत होते, तरुण पटकन रुळले. जपानच्या हिरोयासू शिमिझूने घरच्या प्रेक्षकांसमोर ५०० मीटर जिंकलं, वॉदरस्पून दुसरा. दोन फेऱ्या मिळून शिमिझू ७१.३५ सेकंद, हा ७१.८४. तिसरा आलेला केव्हिन ओव्हरलँडही कॅनडाचाच, याच्यापेक्षा दोन शतांशांनी मागे. शिमिझू जेमतेम १६२ सेंटीमीटर उंच, वॉदरस्पून त्याच्यापुढे ताडमाड. बुटका माणूस सुरुवातीला गोळीसारखा सुटतो, लांब पायांचा पुढे ढांगा टाकत अंतर कापतो. दोघांच्या शर्यती पाहताना मला हाच फरक सगळ्यात मजेदार वाटतो.

मग २००२, सॉल्ट लेक सिटी. महिनाभर आधीच वॉदरस्पून जागतिक स्प्रिंट विजेता झाला होता आणि ५०० मीटरच्या सुवर्णासाठी पहिलं नाव त्याचंच घेतलं जात होतं. बंदुकीचा आवाज झाला, पहिली काही पावलं पडली आणि ब्लेडचं टोक बर्फात अडकलं. खाली. अमेरिकेचा केसी फिट्झरँडॉल्फ जिंकला, तोही शिमिझूपेक्षा अवघ्या तीन शतांशांनी. १००० मीटरमध्येही वॉदरस्पूनला पदक नाही.

आता इथे लोक लगेच निकाल देऊन मोकळे होतात : मोठ्या दिवशी ढेपाळतो. मला हे पटत नाही. पहिल्या शंभर मीटरमध्ये स्केटर बर्फावर घसरत नसतो, तो अक्षरशः ब्लेडच्या टोकांवर धावत असतो. तिथे जो जपून पाऊल टाकेल तो आधीच हरलेला असतो. २००२ची ती चूक भित्र्या माणसाची नाही. २००६चं इटलीतलं तोरिनो ऑलिंपिक मात्र मी वेगळं धरतो. तिथे तो पडला नाही, घसरला नाही, आणि तरीही ५०० मध्ये नववा आणि १००० मध्ये अकरावा आला. तिथे टीकाकारांचं म्हणणं मान्य करावं लागतं : त्या आठवड्यात तो कमीच पडला. ५०० मीटर जिंकला अमेरिकेचा जोई चीक, ज्याने बक्षिसाची रक्कम सुदानमधल्या दार्फुरच्या निर्वासितांसाठी देऊन टाकली.

त्यानंतर वॉदरस्पूनने पूर्ण एक मोसम स्पर्धा सोडली. बहुतेकांना वाटलं, संपलं.

९ नोव्हेंबर २००७ला तो पुन्हा सॉल्ट लेकच्या बर्फावर उतरला, जिथे पडला होता त्याच ओव्हलवर, आणि ५०० मीटर ३४.०३ सेकंदांत. जुना विक्रम कोरियाच्या ली कांग-सोकचा ३४.२५ होता. शतांशांच्या खेळात एका फटक्यात बावीस शतांश! सरासरी काढली तर ताशी जवळजवळ ५३ किलोमीटर, आणि त्यात उभ्या जागेवरून घेतलेली सुरुवातही धरलेली आहे. सॉल्ट लेक समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरांवर आहे, हवा विरळ, अडथळा कमी, म्हणून विक्रम तिथे किंवा कॅनडातल्या उंचावरच्या कॅल्गरीतच होतात, हे खरं. पण ती हवा सगळ्यांनाच मिळते. तरी हा विक्रम आठ वर्षं कुणाला मोडता आला नाही. नोव्हेंबर २०१५मध्ये रशियाच्या पावेल कुलिझनिकोव्हने ३४.०० केले आणि काही दिवसांतच ३४च्या आत गेला.

त्या पुनरागमनाच्या मोसमात, २००८मध्ये, तो ५०० मीटरचा जगज्जेताही झाला. पुढच्या मोसमात बर्लिनला पडून हात मोडला. २०१०च्या व्हँकुव्हरला, घरच्या ऑलिंपिकमध्ये, तो ३३ वर्षांचा होता. त्या दिवशी बर्फ गुळगुळीत करणारी यंत्रं बिघडल्याने ५०० मीटरची शर्यत तासाहून अधिक रखडली. तो नववा आला.

तर मग सर्वश्रेष्ठ कशावरून? माझा मुद्दा जागतिक स्प्रिंट स्पर्धेच्या रचनेत आहे. तिथे दोन दिवस, रोज एक ५०० आणि एक १०००, अशा चार शर्यती होतात. १०००ची वेळ अर्धी करून सगळी बेरीज होते. एक चांगली फेरी आणि थोडं नशीब यावर ती जिंकता येत नाही. चारही वेळा नीट धावावं लागतं आणि एकदाही पडून चालत नाही. ज्याला दडपण झेपत नाही तो ती चारदा जिंकत नाही. फक्त ५०० मीटरचाच विचार केला, तर त्या पिढीत मी शिमिझूला वर ठेवेन. त्याच्याकडे ऑलिंपिक सुवर्ण आहे आणि ५०० मीटरची पाच जागतिक विजेतेपदंही. पण ५०० आणि १००० दोन्ही मिळून स्प्रिंटर म्हणायचं असेल तर वॉदरस्पून.

आणखी एक गोष्ट, कारण खाली कुणीतरी नक्की विचारेल की पुढे त्याचं काय झालं. तो प्रशिक्षक झाला. मध्ये २०१४च्या सोची ऑलिंपिकसाठी परत धावून पाहिलं, पात्र ठरला नाही. २०१६पासून नॉर्वेच्या स्प्रिंटर्सची जबाबदारी त्याच्याकडे आली. लांब पल्ल्यांचा अभिमान बाळगणाऱ्या या देशाने ५०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण १९४८नंतर पाहिलंच नव्हतं. २०१८च्या प्योंगचांग (दक्षिण कोरिया) ऑलिंपिकला त्याचा शिष्य होवार लोरेंट्सन, जो आपल्या पोरांसारखाच आधी चाकांवर स्केटिंग करायचा, ३४.४१ सेकंदांत ५०० मीटर जिंकला. दुसरा आलेला कोरियाचा चा मिन-क्यू ३४.४२. पी. टी. उषाचं १९८४चं कांस्य ज्या एक शतांशाने हुकलं, तोच एक शतांश इथे वॉदरस्पूनच्या बाजूने पडला. तोवर दोन फेऱ्यांचा नियमही रद्द झाला होता. ५०० मीटर एकदाच.