साखर नसताना ‘डायबिटीस’ कसा?

वडिलांची साखर जेवणाआधी आणि नंतरही व्यवस्थित असताना केसपेपरवर ‘डायबिटीस इन्सिपिडस’ का लिहिले, हा मधुमेहच का, असे आपण विचारले आहे. हा मधुमेह नाही; घोटाळा आहे तो नावाचा.

‘डायबिटीस’ या मूळ ग्रीक शब्दात साखरेचा मागमूसही नाही. त्याचा धात्वर्थ ‘आरपार जाणे’ असा असून सायफनलाही (एका भांड्यातून दुसऱ्यात द्रव वाहून नेणाऱ्या नळीलाही) तोच शब्द होता. कॅपाडोशियाचा (आजच्या तुर्कस्तानातील) वैद्य अरेटियस याने या रोगाचे वर्णन करताना, मांस आणि अवयव जणू वितळून लघवीवाटे वाहून जातात आणि तहान काही केल्या भागत नाही, असे लिहिले. म्हणजे नाव पडले ते वाहण्यावरून.

युरोपात लघवीच्या गोडीची नोंद ठळकपणे झाली ती 1674 मध्ये, थॉमस विलिस या इंग्रज वैद्यामुळे. पुढे 1776 मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने रुग्णाची लघवी आटवली, तेव्हा तळाशी पांढरा, दाणेदार, सहज फुटणारा आणि साखरेसारखा वास येणारा गोळा उरला. काही रुग्णांना लघवी भरमसाट होते, पण ती गोड नसते, हेही लक्षात आले. म्हणून लॅटिनमधून दोन विशेषणे जोडली गेली: ‘मेलिटस’, म्हणजे मधासारखा, आणि ‘इन्सिपिडस’, म्हणजे बेचव.

आपल्याकडची संज्ञा मला अधिक नेमकी वाटते. ‘मिह्’ या धातूपासून आलेला ‘मेह’ हा शब्द मूत्रविसर्जनाचा, आणि ‘मधु’ हे त्याचे विशेषण. चरकसंहितेत प्रमेहाचे (मूत्राच्या विकारांचे) वीस प्रकार असून त्यांत पाण्यासारख्या, गंधहीन, विपुल मूत्राचा उदकमेह वेगळा सांगितला आहे. त्याला आजच्या इन्सिपिडसचे नाव देणे घाईचे ठरेल, पण मेह म्हटले की मधु आलाच, असे त्या ग्रंथकारांनी मानले नव्हते, हे नक्की. आपण मात्र ‘डायबिटीस’ आणि ‘मधुमेह’ सर्रास समानार्थी वापरतो.

वडिलांच्या आजारात बिघाड साखरेचा नसून मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या हार्मोनचा असतो: एक तर मेंदूकडून ते पुरेसे मिळत नाही, किंवा मूत्रपिंडे त्याला दाद देत नाहीत. नावामुळे रुग्णालयातही गफलत होऊन आवश्यक औषध राहून गेल्याच्या घटना घडल्या, म्हणूनच 2022 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’ (याच हार्मोनची कमतरता) आणि ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स’ (मूत्रपिंडांनी त्याला दाद न देणे) अशी नवी नावे सुचवली. यांपैकी वडिलांना लागू पडणारे नाव डॉक्टरांकडून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे, आणि नव्या रुग्णालयात गेल्यास ते आधी दाखवावे.